पाळीव कुत्र्याचे डोळ्यांचे आजार आणि अंधत्व : घरच्यांनी काय ओळखावे, काय टाळावे

मी माणसांचा डॉक्टर आहे. तरीही भुसावळसारख्या गावात जनरल प्रॅक्टिस करताना घरातल्या कुत्र्याबद्दलही विचारणा होतेच. रक्तदाब तपासून झाला की पेशंट उठता उठता विचारतो, "डॉक्टर, आमच्या कुत्र्याचा डोळा लाल झालाय, काही थेंब सांगता का?"

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रश्नाला मी फोनवर उत्तर दिले. घरातल्या आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते आणि त्यांचे थेंब शिल्लक होते. रात्रीची वेळ होती. मी म्हणालो, "आज तेच टाका, उद्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा." त्या थेंबांत स्टिरॉइड होते, हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी लाली कमी झाली, म्हणून घरच्यांनी दाखवायचे लांबवले. चौथ्या दिवशी डोळा पांढरा पडला. डोळ्याला आधीपासून छोटी जखम होती आणि स्टिरॉइडमुळे ती खोल गेली. पशुवैद्यकांनी डोळा वाचवला, पण त्या डोळ्याची दृष्टी गेली.

तेव्हापासून मी कुत्र्याच्या डोळ्यासाठी औषध सांगत नाही. मात्र काय ओळखावे, किती घाई करावी आणि काय टाळावे, हे आवर्जून सांगतो. हा लेख त्यासाठीच आहे. निदान आणि उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे असतात.

कुत्र्याला कसे दिसते?

कुत्र्याच्या डोळ्याची रचना बरीचशी आपल्यासारखीच असते. समोर पारदर्शक पारपटल, त्यामागे बुबुळ आणि बाहुली, मग भिंग आणि सर्वांत मागे प्रकाश टिपणारा पडदा. दोन फरक महत्त्वाचे आहेत. कुत्र्याला नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. डोळा दुखला की ती वर येते आणि डोळ्यावर गुलाबी पडदा आल्यासारखे दिसते. दुसरे म्हणजे पडद्यामागे चकाकणारा थर असतो. त्यामुळे कुत्र्याला कमी उजेडात आपल्यापेक्षा चांगले दिसते आणि रात्री गाडीच्या दिव्यात त्याचे डोळे चमकतात.

कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. बारीक तपशीलही त्याला आपल्याइतका स्पष्ट दिसत नाही. जगाची बरीचशी ओळख तो नाकाने आणि कानाने करून घेतो. म्हणूनच दृष्टी हळूहळू गेली तर घरच्यांना अनेक महिने पत्ता लागत नाही. घर त्याला पाठ असते. एखाद्या दिवशी दिवाणाची जागा बदलते, कुत्रा त्यावर आदळतो आणि मग सगळ्यांच्या लक्षात येते.

दृष्टी कमी होत असल्याची लक्षणे

- अनोळखी जागी किंवा अंधारात चालायला बिचकणे
- जिना उतरताना थांबणे, गाडीत किंवा ओट्यावर उडी मारायला नकार देणे
- फेकलेला चेंडू किंवा पोळीचा तुकडा वासाने शोधणे
- भिंतीच्या कडेकडेने चालणे, दाराच्या चौकटीला धडकणे
- हात लावताच दचकणे, कधी नव्हे ते गुरगुरणे
- उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहणे

घरी एक सोपी चाचणी करता येते. कापसाचा छोटा बोळा कुत्र्याच्या डोळ्यांसमोर, थोड्या अंतरावरून खाली सोडा. कापसाला आवाज नसतो, वासही फारसा नसतो. दिसत असेल तर कुत्रा नजरेने बोळ्याचा माग घेतो. एकेक डोळा हाताने झाकून पुन्हा पाहा. डोळ्यासमोर झटकन हात नेऊन पापणी मिटते का हे पाहणे फसवे ठरू शकते, कारण हाताचा वारा मिशांना लागला तरी कुत्रा डोळा मिटतो.

त्याच दिवशी दाखवावे अशी लक्षणे

- डोळा घट्ट मिटून घेणे, पाणी वाहणे, पंजाने डोळा चोळणे
- डोळा लाल होऊन त्यावर निळसर किंवा पांढरी झाक येणे
- एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे
- डोळ्यात रक्त दिसणे
- एक-दोन दिवसांत अचानक दिसेनासे होणे
- डोळा खोबणीतून पुढे आलेला दिसणे
- डोळ्यात चुना, ॲसिड, फवारणीचे औषध किंवा फटाक्याची दारू जाणे

डोळा दुखत असला तरी कुत्रा क्वचितच केकाटतो. तो गप्प राहतो, कमी खातो, जास्त झोपतो. "शांत आहे, म्हणजे दुखत नसेल" असे समजू नका.

नेहमी आढळणारे आजार

१. पारपटलाची जखम. भांडणातला ओरखडा, मांजराचे नख, शेतातले कुसळ, धूळ, उलटी वळलेली पापणी अशी कारणे असतात. कुसळ कधी कधी तिसऱ्या पापणीमागे अडकून राहते आणि बाहेरून दिसत नाही. पशुवैद्यक डोळ्यात एक रंग टाकतात आणि जखम असेल तिथे तो हिरवा चमकतो. वेळेवर उपचार झाले तर वरवरची जखम साधारणपणे आठवडाभरात भरते. जंतुसंसर्ग झाला तर तीच जखम एक-दोन दिवसांत पारपटलाला भोक पाडू शकते. जखम भरल्यावर पांढरा डाग राहतो, त्यालाच लोक 'फूल पडले' म्हणतात.

२. काचबिंदू. डोळ्यातल्या द्रवाचा निचरा अडला की आतला दाब वाढतो. कुत्र्यात हा दाब सर्वसाधारणपणे १० ते २५ मिमी पारा इतका असतो. काचबिंदूत तो ५०-६० च्याही वर जाऊ शकतो. माणसांत काचबिंदू बहुतेक वेळा वर्षानुवर्षे न दुखता वाढतो. कुत्र्यात मात्र तो बऱ्याचदा एकाएकी येतो, फार दुखतो आणि एक ते तीन दिवसांत दृष्टी कायमची नेऊ शकतो. कॉकर स्पॅनियल, बीगल, बॅसेट हाउंड या जातींत तो अधिक दिसतो. आनुवंशिक प्रकारात एक डोळा गेल्यावर दुसऱ्यालाही धोका असतो, म्हणून चांगल्या डोळ्यातही प्रतिबंधक थेंब सुरू करतात.

३. मोतीबिंदू आणि वयाचा निळसरपणा. सहा-सात वर्षांनंतर कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांत निळसर-राखाडी झाक येऊ लागते. भिंगाचा गाभा घट्ट होण्याचा हा वयाचा परिणाम आहे. त्यात दृष्टी बहुतेक शाबूत राहते आणि उपचार लागत नाहीत. मोतीबिंदूत भिंग पांढरे, अपारदर्शक होते आणि प्रकाश मागच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्हींतला फरक घरी ओळखणे अवघड आहे, तो डोळा तपासूनच कळतो. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब माणसांसाठी नाहीत, तसे कुत्र्यांसाठीही नाहीत. शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. मात्र पिकलेला मोतीबिंदू तसाच राहिला तर डोळ्यात दाह होतो आणि पुढे काचबिंदूही होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रिया करायची नसली तरी अधूनमधून तपासणी हवी.

४. मधुमेह. मधुमेही कुत्र्यात मोतीबिंदू फार वेगाने येतो. साधारण निम्म्या मधुमेही कुत्र्यांना निदानानंतर सहा महिन्यांच्या आत आणि सुमारे ८० टक्क्यांना सव्वा-दीड वर्षात मोतीबिंदू होतो. रक्तातली जास्तीची साखर भिंगात शिरते, तिचे सॉर्बिटॉल बनते, ते पाणी ओढून घेते आणि भिंग फुगून पांढरे पडते. कधी कधी हे काही दिवसांतच घडते. कुत्रा खूप पाणी पीत असेल, वारंवार लघवी करत असेल, खाऊनही वाळत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. कुत्र्याच्या मधुमेहाला जवळजवळ नेहमी इन्सुलिनच लागते. घरातल्या माणसाची मधुमेहाची गोळी त्याला देऊ नका.

५. गोचीड ताप. आपल्याकडे अचानक अंधत्व येण्याचे हे महत्त्वाचे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया नावाचा जंतू कुत्र्याच्या रक्तात जातो. ताप येतो, भूक मंदावते, डेंग्यूत होतात तशा प्लेटलेट कमी होतात. नाकातून रक्त येऊ शकते, हिरड्यांवर आणि पोटाच्या त्वचेवर लाल ठिपके दिसतात. डोळ्यात दाह होतो किंवा मागच्या पडद्यावर रक्तस्राव होतो आणि कुत्रा एकदम चाचपडायला लागतो. रक्ततपासणीने निदान होते. डॉक्सिसायक्लिन हे औषध साधारण चार आठवडे द्यावे लागते. ताप उतरला म्हणून मध्येच बंद करू नये. लवकर उपचार मिळाले तर दृष्टी बऱ्याच अंशी परत येऊ शकते.

ही गोचीड घरातही वाढते. भिंतीच्या फटी, दाराच्या चौकटी, कुत्र्याच्या अंथरुणाखालची फरशी येथे ती अंडी घालते. म्हणून नुसते कुत्र्याच्या अंगावर औषध लावून भागत नाही, जागाही साफ करावी लागते.

६. कोरडा डोळा. डोळ्यात सतत चिकट, पिवळट चिपडे येतात आणि डोळ्याची चमक जाते. पग, शिह त्झू, ल्हासा, कॉकर या जातींत हा आजार जास्त दिसतो. भुसावळचा उन्हाळा, कोरडी हवा आणि दिवसभर तोंडावर येणारा कूलरचा वारा यांनी त्रास वाढतो. कागदाची पट्टी पापणीत एक मिनिट ठेवून अश्रू मोजतात. १५ मिमी किंवा त्याहून जास्त ओल सामान्य, १० च्या खाली कोरडेपणाची शंका. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसचे औषध बहुधा आयुष्यभर लागते. उपचार न केल्यास पारपटल काळे पडत जाते आणि दृष्टी जाते.

७. चेरी आय. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल गोळी दिसते. ही गाठ नसून तिसऱ्या पापणीची अश्रुग्रंथी बाहेर आलेली असते. ती कापून टाकली तर पुढे डोळा कोरडा पडू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेने जागेवर बसवतात.

८. डोळा बाहेर येणे. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना मोठ्या कुत्र्याने मानेला धरून झटकले तर डोळा खोबणीतून बाहेर येतो. स्वतः आत ढकलू नका. स्वच्छ कापड सलाइनने भिजवून डोळ्यावर ठेवा, कुत्र्याला चाटू-खाजवू देऊ नका आणि लगेच निघा. इथे प्रश्न काही तासांचा असतो.

९. मागच्या पडद्याचे आजार. आनुवंशिक झीज झाली तर आधी रात्री दिसेनासे होते आणि मग दिवसा. लॅब्राडोर, कॉकर यांसह अनेक जातींत ती आढळते. दुखत नाही, पण दृष्टी परत आणणारे औषध नाही. अशा कुत्र्यापासून पिल्ले घेऊ नयेत. किडनीच्या आजारात रक्तदाब वाढून पडदा सुटू शकतो. मध्यमवयीन कुत्र्यांत कधी कधी पडदा अचानक काम करणे थांबवतो आणि काही दिवसांत पूर्ण अंधत्व येते. त्यावरही आज खात्रीचा उपचार नाही. तरी तपासणी हवीच, कारण अचानक अंधत्वाची काही कारणे बरी होण्यासारखी असतात.

१०. औषधाची विषबाधा. गाईगुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन गोचिडीसाठी कुत्र्याला अंदाजाने टोचले जाते. मात्रा जास्त झाली की बाहुल्या मोठ्या होतात, कुत्रा झोकांड्या खातो, त्याला दिसेनासे होते. वेळेवर दवाखान्यात नेले तर यातली दृष्टी बहुधा परत येते. कोली जातीच्या कुत्र्यांना तर थोडी मात्राही घातक ठरू शकते.

घरी काय करू नये

- माणसांचे उरलेले थेंब टाकू नका. डेक्सामिथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामिथासोन, लोटेप्रेडनॉल ही नावे बाटलीवर असतील तर त्यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने लाली उतरते, पण जखम भरत नाही, उलट विरघळू लागते. लाली गेली की आपण निर्धास्त होतो आणि तिथेच वेळ जातो.
- काचबिंदूचे थेंबही स्वतःहून नको. कुत्र्यासाठी त्यातलीच काही औषधे वापरतात हे खरे. पण लॅटानोप्रोस्टसारखे औषध, भिंग जागेवरून सरकून पुढे आले असेल तर, दाब आणखी वाढवू शकते.
- वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलही सुरक्षित नाही.
- मध, तुरटी, हळद, दूध, तंबाखूचे पाणी डोळ्यात घालू नका.

करता येण्यासारखे इतकेच : उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने कापूस भिजवून चिपडे पुसा, गळ्यात संरक्षक कॉलर घाला आणि दवाखाना गाठा. चुना किंवा रसायन गेले असेल तर आधी वीस-तीस मिनिटे स्वच्छ पाण्याची हलकी धार डोळ्यावर सोडा. मगच निघा.

कुठे दाखवावे?

सुरुवात जवळच्या पशुवैद्यकापासून करा. डोळ्याची जखम, कोरडा डोळा, गोचीड ताप यांचे निदान आणि उपचार गावातही होऊ शकतात. तालुक्याच्या ठिकाणी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना असतो, जिल्ह्याच्या ठिकाणी पशु सर्वचिकित्सालय. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डोळ्याचा दाब मोजणे, पडद्याची विद्युत तपासणी यांसाठी मात्र मोठ्या शहरात जावे लागू शकते. परळचे, १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हे आपल्या भागातल्या लोकांसमोरचे दोन पर्याय. जाण्यापूर्वी फोन करून डोळ्यांचे तज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, हवी ती सोय आहे का, हे विचारून घ्या.

रेल्वेने जायचे तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावे असेल तरच कुत्रा सोबत नेता येतो. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीसाठी पार्सल कार्यालयात नोंद करावी लागते. मे महिन्यात दुखऱ्या कुत्र्याला त्या पेटीतून नेऊ नये. रात्रीची गाडी करणे बरे. लसीकरणाचे कार्ड, आधीच्या तपासण्या आणि डोळ्यात टाकलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या बरोबर घ्या. चुकीचे थेंब टाकले असतील तर लपवू नका. पशुवैद्यकाला ती माहिती सर्वांत आधी हवी असते.

दृष्टी परत येणार नसेल तर

पहिले काही आठवडे अवघड जातात. कुत्रा बिथरतो, एका जागी बसून राहतो. पण डोळा दुखत नसेल तर बहुतेक कुत्री काही आठवड्यांत ते काही महिन्यांत नव्या जगण्याला सरावतात. फक्त दिसत नाही म्हणून कुत्र्याला कायमचे झोपवण्याची गरज नसते. आंधळा डोळा सतत दुखत असेल तर मात्र तो काढून टाकणे ही क्रूरता नाही, वेदनेतून सुटका आहे.

- पाणी, जेवण आणि झोपायची जागा बदलू नका. सामान हलवू नका.
- जिना, गच्ची, विहीर, पाण्याची टाकी यांना आडोसा करा. पलंगाचे, टेबलाचे कोपरे जुन्या कापडाने गुंडाळा.
- दारापाशी पायपुसणे, जिन्यापाशी गोणपाट ठेवा. पायाखालचा बदल ही त्याची खूण होते.
- हात लावण्याआधी नावाने हाक मारा.
- 'थांब', 'पायरी', 'हळू' असे ठरावीक शब्द घरातल्या सगळ्यांनी सारखेच वापरा.
- गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. गळा आवळला की डोळ्यातला दाब वाढतो.
- फिरायला न्याच. ओळखीचा रस्ता, सकाळची वेळ, सोबत तुमचा आवाज एवढे पुरे.

लहान मुले आणि चावा

न दिसणारा कुत्रा झोपेत किंवा मागून हात लागला तर घाबरून चावू शकतो, मग तो कितीही गरीब असो. मुलांना आधी हाक मारायला शिकवा. चावा किंवा ओरखडा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद लावू नका. घरचाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे, असे असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस शासकीय रुग्णालयात त्वचेत दिली जाते, तिचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

कुत्रा एकाएकी अडखळू लागला, स्वभाव बदलला, लाळ गळते आहे आणि गिळता येत नाही, तर ते फक्त डोळ्याचे दुखणे समजू नका. रेबीजची शक्यता धरा. तोंडात हात घालू नका, त्याला वेगळे ठेवा आणि पशुवैद्यकांना कळवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कुत्र्याचे डोळे आले, ते मुलांना लागतील का?*
बहुतेक वेळा नाही. माणसांत साथीने येणारे डोळे वेगळ्या विषाणूंचे असतात. तरी डोळे पुसल्यावर हात धुवा, रुमाल वेगळा ठेवा.

*गाजर किंवा डोळ्यांची टॉनिके देऊन मोतीबिंदू थांबतो का?*
नाही. त्यावर घालवलेला वेळ तपासणीसाठी द्या.

*लसीकरणाचा डोळ्यांशी संबंध आहे का?*
आहे. डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारात डोळ्यांतून पू येतो, दृष्टीची नसही बाधित होऊ शकते. पिल्लाचे लसीकरण वेळेवर करा.

लक्षात ठेवण्यासारखे

लाल, दुखरा किंवा एकाएकी न दिसणारा डोळा त्याच दिवशी दाखवा. कपाटातली थेंबांची बाटली कपाटातच राहू द्या. दर महिन्याला कुत्र्याच्या अंगावर आणि घरात गोचीड शोधा. आणि एखाद्या माणसांच्या डॉक्टरने, माझ्यासारख्याने, फोनवर घाईत थेंब सुचवलेच, तर ते टाकण्याआधी पशुवैद्यकांना विचारा.